बाल कल्याण समितीने मूल नेलं म्हणजे आई-बापाचा हक्क संपला का?

समजा, इंदूरच्या परदेशीपुऱ्यातली सात वर्षांची मुलगी आहे. आई दोन वर्षांपूर्वी वारली. बाप रोज पिऊन येतो आणि हाताला लागेल त्याने मारतो. शाळेतल्या बाईंनी पाठीवरचे वळ पाहिले आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन लावला. संध्याकाळपर्यंत मुलगी बालिका गृहात पोचली. रात्री रामबागेत राहणाऱ्या आजीला, म्हणजे आईच्या आईला, हे कळतं आणि घरात दोन तट पडतात. मामा म्हणतो, "बरं झालं, आता त्याचा मुलीवर काडीचा हक्क राहिला नाही." आत्या रडत फोन करते, "सरकार तिला परस्पर दत्तक देऊन टाकेल हो!" दोघांचंही चुकतंय, आणि या चुकीपायी पुढचे महिने वाया जातात.

मूल ताब्यातून काढून घेणं ही एक गोष्ट आणि पालकत्व संपणं ही दुसरी. पहिली एका दिवसात होते. दुसरीला आपल्या कायद्यात मुख्य तीन वाटा आहेत, आणि बाप दारुडा असणं ही त्यांतली एकही नाही.

आधी शब्दांचा घोळ. आपल्याकडे इंदुरात कागद हिंदीत येतात, घरात बोलणं मराठीत आणि वकील निम्मं इंग्रजीत बोलतो. आपण ज्याला ताबा म्हणतो ती कागदावर 'अभिरक्षा'. जुन्या मराठी दस्तांतला 'अज्ञान', म्हणजे वयात न आलेला, मुलगा इथे 'अवयस्क' किंवा 'नाबालिग' होतो. आपला 'पालक' तिथे 'संरक्षक', आणि दत्तकपत्र म्हणजे 'गोदनामा'. 'सुपुर्दगी' हा शब्द दिसला की लोकांना वाटतं मूल कायमचं मिळालं. तसं नाही. सुपुर्दगी म्हणजे सांभाळायला दिलं, चौकशी अजून चालू आहे.

पहिले चोवीस तास

सगळ्याचा पाया २०१५ चा किशोर न्याय कायदा, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार नेमलेली बाल कल्याण समिती हे या प्रकरणांतलं पहिलं दार. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत किमान एक बाई. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, म्हणजे ती नुसती सल्लागार मंडळी नव्हे. तिने महिन्यातून किमान वीस दिवस बसायचं असतं, आणि अंतिम निर्णयाला किमान तीन सदस्य हजर लागतात.

मूल समितीपुढे कोणीही आणू शकतं: पोलीस, हेल्पलाइनचे कार्यकर्ते, डॉक्टर, नर्स, शेजारी, किंवा मूल स्वतः. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत आणलं पाहिजे. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही नेता येतं. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा, लागतो, आणि पोलिसांनीही चोवीस तासांत समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं.

इथली नेहमीची चूक चांगल्या मनाचे लोक करतात. एमवाय या सरकारी हॉस्पिटलच्या आवारात किंवा स्टेशनवर एखादं तान्हं बाळ सापडतं आणि कोणी बाई म्हणते, "मी नेते घरी, लेकरासारखं सांभाळीन." चार दिवसांनी पोलीस दारात येतात आणि तिला कळत नाही तिचं काय चुकलं. सापडलेल्या मुलाची खबर चोवीस तासांत न देणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. तिची माया खरी असेल, पण त्या चार दिवसांत बाळाची खरी आई शोधत फिरत असेल तर तिला सापडणार कुठे?

अधिकारी घरी येतात तेव्हा

मुलीला पहिल्यांदा हजर केलं की समिती सामाजिक चौकशी अहवाल मागवते. केंद्राच्या नमुना नियमांत तो फॉर्म २२. पंधरा दिवसांत हा अहवाल आणि मूल हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश, असं कायदा म्हणतो. सगळं प्रकरण या अहवालावर उभं राहतं किंवा आडवं होतं, आणि नेमका तोच बहुतेक घरांत हलक्यात घेतला जातो.

रामबागेतल्या आजीकडे अधिकारी आल्या असं धरा. आजीने सकाळपासून घर घासूनपुसून ठेवलंय, चहा-पोहे तयार आहेत. बाईंना पोह्यांत रस नाही. मुलगी झोपणार कुठे? त्या खोलीत आणखी कोण झोपतं? संडासाच्या दाराला आतून कडी लागते का? आजीच्या बीपीच्या गोळ्या मुलीच्या हाताला लागतील अशा आहेत का? घरखर्च कोणाच्या पगारावर? आजी आजारी पडली तर मुलीचं कोण बघणार? मामाच्या लग्नाचं चाललंय, तर नवी सून आल्यावर काय? शेजारच्या काकूंना त्या वेगळं गाठून विचारतात, आणि काकू खरं सांगतात. मग शेवटचा प्रश्न: "मुलीचे बाबा दारात आले तर काय कराल?"

इथे आजी म्हणते, "तोंड बघणार नाही मेल्याचं." मनातलं बोलली, पण अहवालात ते विरोधात जातं. समितीला हवं असतं ते हे: पिऊन आला तर दार उघडणार नाही, पोलिसांना फोन करीन, शुद्धीत आला आणि समितीने भेट ठरवून दिली असेल तर भेटू देईन. कारण कायद्याचं पहिलं उद्दिष्ट मुलाला कुटुंबात परत नेणं हे आहे आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. जो नातेवाईक दुसऱ्या नात्याचा दोर कापायलाच बसलाय त्याच्याबद्दल अधिकारी दोनदा विचार करतात. त्यांचा तो विचार बरोबरच असतो, असं आमचं मत.

अहवाल का रखडतो याची कारणं फारशी गूढ नाहीत. पत्ता 'राममंदिराजवळ, दुसरी गल्ली' एवढाच दिलेला असतो. फोन बंद असतो. आजीच्या आधारवर सुलभा, रेशनकार्डावर सुलभाबाई, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव माहेरचं. आपल्या लोकांत हा आणखी एक फाटा आहे: मराठी पद्धतीने मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, इथल्या कागदांत ते गळालेलं. एकच माणूस तीन कागदांवर तीन माणसं होतो. हे आधी दुरुस्त करायला वेळ नसेल तर निदान 'या तिन्ही नावांची व्यक्ती मीच' असं शपथपत्र पहिल्याच दिवशी सोबत न्यावं.

आजी जळगावला किंवा भुसावळला असेल तर वेळ आणखी वाढतो. तिकडच्या जिल्ह्याकडून गृहचौकशी मागवावी लागते, आणि मूल तिकडचंच असेल तर प्रकरणही तिकडच्या समितीकडे जाऊ शकतं. पत्र गेलं का, कोणत्या तारखेला गेलं, त्याचा जावक क्रमांक काय, हे विचारून लिहून ठेवावं. दोन राज्यांच्या मधे पडलेलं पत्र आपोआप चालत नाही.

समिती काय काय करू शकते

मुलीला बापाकडे परत देणं (देखरेखीसह), आजीला 'योग्य व्यक्ती' ठरवून तिच्याकडे सोपवणं, प्रायोजन म्हणजे दरमहा आर्थिक मदत लावणं, प्रतिपालक कुटुंबात (दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरात) ठेवणं, किंवा बालगृहात. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतलं प्रायोजन महिन्याला चार हजार रुपये आहे, उत्पन्नाच्या अटीसह. आपल्या मध्य प्रदेशात नातेवाइकांकडे राहणाऱ्या अनाथ मुलांसाठी मुख्यमंत्री बाल आशीर्वाद योजनाही आहे, पण त्यात दोन्ही पालक गेलेले असावे लागतात. परदेशीपुऱ्यातल्या मुलीचा बाप जिवंत आहे, म्हणून ती तिथे बसत नाही.

बापावर मारहाणीचा गुन्हा वेगळा चालतो. ताब्यातल्या मुलाशी क्रूरपणे वागल्याबद्दल याच कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. समिती शिक्षा देत नाही. ती बापाला 'अक्षम' ठरवू शकते, म्हणजे या घडीला मूल याच्या हाती सुरक्षित नाही. पण बाप कागदावर बापच राहतो. मुलगी त्याची वारस राहते, पोटगीची जबाबदारी त्याच्यावर राहते, आणि सुधारल्याचं दाखवून तो परत अर्ज करू शकतो.

समितीचा आदेश मान्य नसेल तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील (प्रायोजन किंवा प्रतिपालक कुटुंबाचा आदेश असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे). तीस दिवस मोजायचे आदेशाच्या तारखेपासून, वकील सापडल्यापासून नव्हे. म्हणून आदेश झाला त्याच दिवशी प्रमाणित प्रतीचा अर्ज टाकावा. बाया आणि मुलं यांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने तो हक्क दिलाय, आणि हेल्पलाइन आहे १५१००.

मग कुटुंब न्यायालय कशाला?

कारण समितीच्या कागदावर शाळेतला प्रवेश होतो, दवाखाना होतो, पण पासपोर्ट आणि बँकेची माणसं न्यायालयाचा पालकत्वाचा आदेश मागतात. आजीला कायम आणि पक्कं काही हवं असेल तर १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली, मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात अर्ज करावा लागतो. इंदुरात तो कुटुंब न्यायालयात. अर्जात मुलीचं वय, धर्म, राहण्याचं ठिकाण, जवळचे नातेवाईक, तिची मालमत्ता आणि अर्जाचं कारण हे सगळं लागतं. बापाला नोटीस जाते. तो सापडत नाही म्हणून पत्ता चुकवू नये. नोटीस नीट बजावली गेली नाही तर वर्षभराने तोच आदेश कोसळतो. निकालाला वेळ लागणार असेल तर तात्पुरत्या ताब्याचा अर्ज त्याचबरोबर द्यावा.

कुटुंब न्यायालयात वकील हा हक्काने मिळत नाही, न्यायालयाच्या परवानगीने मिळतो. व्यवहारात परवानगी मिळते. पण समुपदेशकासमोर आणि न्यायाधीशांच्या खोलीत मुलीशी बोलणं होतं तेव्हा घरच्यांनी पढवून पाठवलेलं वाक्य दोन मिनिटांत उघडं पडतं. "मला बाबा आवडत नाहीत, ते माझ्या कल्याणाच्या आड येतात," असं सात वर्षांचं मूल बोलत नसतं.

हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायद्यात, १९५६ च्या, नैसर्गिक पालक आधी बाप, मग आई. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की 'मग' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. तो प्रत्यक्षात गैरहजर असला तरी आई पालक होते. याच कलमात एक मजेशीर अट आहे: बापाने हिंदू धर्म सोडला, किंवा संसार सोडून वानप्रस्थ वा संन्यास घेतला, तर तो नैसर्गिक पालक राहत नाही. रोज दारू पिऊन मारणाऱ्याबद्दल मात्र ते कलम गप्प आहे. ती उणीव पुढचं एक कलम भरून काढतं: मुलाचं हित सर्वांत वर. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वावर, आईच्या मृत्यूबद्दल खटला चालू असलेल्या बापाऐवजी आजी-आजोबांकडे मुलाचा ताबा राहू दिला होता. तो निकाल आजीच्या वकिलाला माहीत असायला हवा.

पण इथेही बापाचं नातं तुटत नाही. १८९० चा कायदा स्वतःच सांगतो की बाप अपात्र होता म्हणून दुसरा पालक नेमला असेल, आणि न्यायालयाच्या मते बाप अपात्र राहिला नाही, तर त्या पालकाचे अधिकार संपतात. कायद्याने परतीचं दार मुद्दाम किलकिलं ठेवलंय.

आणखी एक खाच. आईच्या नावावर फ्लॅटचा हिस्सा असेल तर त्याचा पालक नेमणं कुटुंब न्यायालयाच्या कक्षेत येत नाही. तिथे 'व्यक्तीचं' पालकत्व, 'मालमत्तेचं' जिल्हा न्यायालयात. एकाच अर्जात दोन्ही मागितली की निम्मा अर्ज परत येतो.

हक्क खरोखर संपतो त्या तीन वाटा

पहिली, स्वेच्छेने सोपवणं. आई-बाप समितीपुढे येऊन सांगतात की शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक कारणांनी आम्ही मूल सांभाळू शकत नाही. लग्न झालेलं असेल तर दोघांच्या सह्या. एक वारला असेल तर मृत्यूचा दाखला. लग्नाशिवाय झालेलं मूल असेल तर फक्त आईची सही. आधी समुपदेशन, मग साठ दिवसांचा फेरविचाराचा काळ. त्या साठ दिवसांत आई येऊन म्हणाली की मला माझं बाळ हवं, तर मिळतं. एकसष्टाव्या दिवशी आली तर दार बंद होऊ लागलेलं असतं. हे पहिल्या दिवशी तिच्या भाषेत, आणि लेखी, सांगितलं गेलं पाहिजे. अशा मुलाची वर्तमानपत्रात जाहिरात निघत नाही. आईची ओळख झाकलेली राहते. आजी, मामा किंवा दाई मूल 'सोपवायला' आली तर ते सोपवणं धरलं जात नाही. ते मूल टाकलेलं समजून चौकशी होते.

दुसरी वाट टाकलेल्या किंवा अनाथ मुलाची. वर्तमानपत्रात फोटोसह सूचना, हरवलेल्या मुलांच्या नोंदींशी ताळा, पोलिसांचा शोध. मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर दोन महिन्यांत, मोठं असेल तर चार महिन्यांत समितीने चौकशी पुरी करून ते 'दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त' आहे की नाही हे ठरवायचं. या निर्णयाला किमान तीन सदस्य लागतात. हातावरचं पोट आणि नाइलाज यांमुळे आई-बापाने मूल टाकलं असेल तर ते जाणूनबुजून टाकलं असं कायदा धरत नाही, आणि त्यांच्यावर क्रूरतेचं कलम लागत नाही. म्हणून परत यायला घाबरणाऱ्या आईला कोणीतरी हे सांगायला हवं. तिने उशीर केला तर मात्र तारखा तिच्यासाठी थांबत नाहीत.

मुक्त ठरवलं तरी पालकत्वाचा शेवटचा धागा तुटतो तो दत्तकाच्या आदेशाने. सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर देतात. त्या तारखेपासून जन्मदात्या घराशी सगळे संबंध संपतात. फक्त मुलाच्या नावावर आधीच आलेली मालमत्ता मुलाचीच राहते.

तिसरी वाट १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याची. आपल्या घरांत हीच जास्त ओळखीची: भावाने भावाला, बहिणीने निपुत्रिक बहिणीला मूल दिलं. दत्तहोम, म्हणजे दत्तकविधीतला होम, झालाच पाहिजे असं नाही, पण मूल प्रत्यक्ष देणं-घेणं झालं पाहिजे, मूल साधारणपणे पंधरा वर्षांच्या आतलं हवं, आणि पैशाचा व्यवहार अजिबात नको. एकदा रीतसर झालेलं दत्तक रद्द करता येत नाही. द्यायचा अधिकार फक्त आई-बापाला, दुसऱ्याच्या संमतीने. आजीला तो नाही. आजी न्यायालयाने नेमलेली पालक असली तरी न्यायालयाची आधी परवानगी लागते. म्हणून मामाने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर आजीची सही घेऊन नोटरीकडून केलेला गोदनामा हा कागदाचा तुकडा आहे. आणि परक्याकडून, नर्सिंग होमच्या ओळखीने, 'खर्च भागवून' आणलेलं बाळ हा तर सरळ गुन्हा. मूल विकण्या-घेण्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड.

अमेरिकेचं ऐकीव

इंदूरच्या निम्म्या मराठी घरांतलं कोणीतरी न्यू जर्सीत नाही तर टेक्सासात आहे, आणि तिकडून व्हॉट्सॲपवर ऐकलेलं इथे लावलं जातं. तिकडे पालकांचे हक्क संपवण्याचा स्वतंत्र दावा खरंच असतो. १९९७ च्या संघीय कायद्यानुसार मूल गेल्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने सरकारी देखभालीत असेल तर राज्याने असा दावा साधारणपणे दाखल करायचा असतो. मूल नातेवाइकांकडे असेल किंवा पालकांना ठरलेली मदतच दिली गेली नसेल, असे अपवाद आहेत. १९८२ पासून तिथे 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुरावा लागतो, कारण निकालानंतर आई-बाप कायद्याने परके होतात, पुढे कोणी दत्तक घेतलं नाही तरी. आपल्याकडे असा सुटा दावा नाही. महिन्यांचं ते घड्याळही आपलं नाही.

मात्र इथेही वारा थोडा बदललाय. वर्षानुवर्षं बालगृहात असलेली, पण ज्यांना कोणी भेटायला येत नाही किंवा ज्यांचे पालक अक्षम ठरलेत, अशी सहा वर्षांवरची मुलं २०२४ च्या नमुना मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपालक कुटुंबात जाऊ शकतात, आणि दोन वर्षांनी तेच कुटुंब दत्तकाचा अर्ज करू शकतं. परदेशीपुऱ्यातल्या बापाला म्हणूनच एक गोष्ट कळायला हवी: भेटीच्या दिवशी बालगृहाच्या नोंदवहीत सही करणं हाच त्याच्या हक्काचा पुरावा आहे. शुद्धीत यायचं, वेळेत यायचं, सही करायची, तारीख आणि वेळ घालायची. वहीत नाव नसेल तर "मी गेलो होतो, आत सोडलं नाही" हे नंतर कोणी ऐकत नाही. आत सोडलं नाही तर त्याच दिवशी समितीला लेखी अर्ज द्यायचा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. आजीनेही तेच करायचं. तिच्या भेटीही त्याच वहीत मोजल्या जातात.